स्क्रीनसमोर डोळे का जळतात, आणि मान का धरते

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ४४, पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी, आठवड्यातले तीन दिवस घरून काम. दिवसाचे नऊ-दहा तास लॅपटॉप आणि त्याच्या उजवीकडे ठेवलेला मोठा मॉनिटर, रात्री मोबाइल. दुपारी चारनंतर डोळे चुरचुरतात, अक्षरं मधूनच धूसर होतात, कधीकधी डोळ्यांतून पाणी येतं. उजवी मान आणि खांदा धरलेला, डोकं मागच्या बाजूने दुखतं. दोन वर्षांपूर्वी प्रोग्रेसिव्ह चष्मा झाला, त्याला ब्लू कट, म्हणजे निळा प्रकाश अडवणारं कोटिंगही लावून घेतलं. मेडिकलमधून आणलेले थेंब चालू आहेत. मानेला फिजिओथेरपी झाली, थोडे दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच. अकरा वर्षांच्या मुलाचा नंबर वाढतोय, तोही स्क्रीनमुळेच का? आणि या सगळ्याच्या तळाशी असलेली भीती: स्क्रीनमुळे डोळे कायमचे जातात का?

भीतीचं उत्तर आधी देतो. स्क्रीन बघून मोतीबिंदू होतो, काचबिंदू होतो किंवा डोळ्याचा पडदा जळतो, याला पुरावा नाही. तुमचा त्रास मात्र खरा आहे, आणि तो 'ताण घेऊ नका' म्हणून जाणारा नाही. तुम्ही डोळ्यांचा आणि मानेचा असे दोन आजार धरलेत आणि दोन ठिकाणी उपचार घेतलेत. मला यात एकच तक्रार दिसते. डोळ्याला जिथून नीट दिसतं तिथे तो डोक्याला नेऊन ठेवतो, आणि डोकं तिथे धरून ठेवायचं काम मानेला करावं लागतं. म्हणून मानेवर कितीही शेक-व्यायाम केले तरी दुसऱ्या दिवशी त्याच चष्म्यातून त्याच स्क्रीनकडे बघायला बसलात की मान पुन्हा तिथेच जाते.

आधी जळजळ. बोलताना, चालताना आपण मिनिटाला साधारण १५ ते २० वेळा पापण्या मिटतो. स्क्रीनवर लक्ष लागलं की हे प्रमाण पाच-सातवर येतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, त्यातल्या बऱ्याचशा उघडझापा अर्ध्याच असतात. वरची पापणी निम्म्यावर येऊन परत फिरते, खालच्या पापणीला टेकतच नाही. बुबुळाचा खालचा पट्टा तासन्‌तास तसाच उघडा राहतो आणि कोरडा पडतो. डोळ्यात हिरवट-पिवळा रंग घालून स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं की हा पट्टा अनेकदा स्पष्ट दिसतो, आणि पेशंटला मॉनिटरवर तो दाखवला की पुढचं समजावणं सोपं जातं.

अश्रू म्हणजे नुसतं खारट पाणी नव्हे. त्यावर तेलाचा अतिशय पातळ तवंग असतो, आणि तो तवंग असतो म्हणून खालचं पाणी उडून जात नाही. हे तेल पापण्यांच्या कडेला ओळीने बसवलेल्या ग्रंथींतून येतं. वरच्या पापणीत या ग्रंथी तीसच्या आसपास, खालच्या पापणीत त्याहून थोड्या कमी. जर्मन वैद्य हाइनरिख माइबोम यांनी १६६६ मध्ये त्यांचं वर्णन केलं, म्हणून त्या माइबोमियन ग्रंथी. पापणी पूर्ण मिटली, कडा कडेला टेकली, की तेल बाहेर ढकललं जातं. अर्धवट मिटणाऱ्या पापणीत ते आतच राहतं, घट्ट होतं, थंडीत तूप थिजतं तसं. काही वर्षं असंच चाललं तर ग्रंथी आक्रसतात, आणि आक्रसलेली ग्रंथी सहसा परत येत नाही. स्क्रीनमुळे 'कायमचं' काही होत असेल तर मला काळजी याची वाटते, पडद्याची नाही.

मग डोळे कोरडे असतील तर पाणी का येतं? कोरड्या जागी पृष्ठभाग चुरचुरला की मेंदू अश्रुग्रंथीला एकदम मोठा हुकूम सोडतो. ते पाणी भरपूर असतं, पण त्यात तेल कमी, म्हणून ते गालावर ओघळतं आणि डोळा पुन्हा कोरडाच. अक्षर धूसर होऊन पापणी मिटताच स्पष्ट होत असेल, तर तक्रार नंबरची नाही, अश्रूंच्या थराची आहे. ही खूण घरी बसून तपासता येते, आणि नंबर बदलायला धावण्याआधी तपासावी.

यावर उपाय साधा आणि कंटाळवाणा आहे. डोळे हलकेच मिटायचे, दोन सेकंद तसेच ठेवायचे, मग किंचित दाबून मिटायचे, उघडायचे. दर अर्ध्या तासाने पाच-सहा वेळा. ईमेल पाठवल्यावर, कॉल संपल्यावर, कोड चालवून बघताना, असं एखाद्या ठरलेल्या कामाला ते जोडून टाका. मोबाइलवर लावलेले गजर लोक चार दिवसांत बंद करतात, हे मी पुरेसं बघितलं आहे. संध्याकाळी सोसवेल इतक्या कोमट पाण्यात बुडवून पिळलेला स्वच्छ रुमाल मिटलेल्या पापण्यांवर सात-आठ मिनिटं ठेवा. तो लगेच गार होतो, त्यामुळे दोन-तीनदा पुन्हा बुडवावा लागतो. नंतर स्वच्छ बोटाने वरची पापणी वरून खाली आणि खालची पापणी खालून वर अशी कडेच्या दिशेने हलकेच चोळायची. बुबुळावर दाब द्यायचा नाही. दोन-तीन आठवडे नियमाने केल्याशिवाय फरक कळत नाही, आणि बहुतेक लोक पाचव्या दिवशी सोडतात.

घरात दोन गोष्टी बघा. एसीचा किंवा पंख्याचा झोत थेट तोंडावर येतो का? ऑफिसात एसीची जाळी वळवून घेणं किंवा खुर्ची एका जागेने सरकवणं कधीकधी महागड्या थेंबांपेक्षा जास्त काम करतं. आणि सकाळी उठल्याउठल्याच डोळे खुपत असतील, तर घरातल्या कुणाला तरी रात्री तुमचे डोळे नीट मिटलेले असतात का, हे बघायला सांगा. बऱ्याच जणांची पापणी झोपेत किंचित उघडी राहते, वर पंखा पाचवर फिरत असतो, आणि सकाळचा दोष बिचाऱ्या लॅपटॉपला लागतो.

डोळ्यांत पाण्याचे हबके मारायची सवय असेल तर ती सोडा. क्षणभर गार वाटतं, पण नळाचं पाणी तो तवंग धुऊन काढतं. चेहरा खुशाल धुवा, डोळे मिटून. गुलाबपाणी, मध, एरंडेल यांपैकी काहीही डोळ्यांत घालू नका. आजीने घातलं होतं आणि काही झालं नव्हतं, हे मी रोज ऐकतो.

आता ते मेडिकलमधले थेंब. तुम्ही नाव लिहिलेलं नाही, म्हणून तीन शक्यता सांगतो. पहिली, ते कृत्रिम अश्रू आहेत, म्हणजे कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज किंवा तत्सम काही. हे चालतात. फक्त दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा घालावे लागत असतील तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले घ्या, कारण नेहमीच्या बाटलीतलं बेन्झाल्कोनियम क्लोराइड वारंवार गेलं तर तेच डोळ्याचा पृष्ठभाग खरवडतं. दुसरी शक्यता, लाली घालवणारे थेंब, ज्यांत नॅफाझोलिनसारखं रक्तवाहिन्या आवळणारं औषध असतं. डोळा काही मिनिटांत पांढराशुभ्र दिसतो, औषध उतरलं की आधीपेक्षा लाल होतो, मग माणूस पुन्हा थेंब घालतो. तिसरी शक्यता सगळ्यात वाईट: स्टेरॉइड आणि अँटिबायोटिकचं मिश्रण. काउंटरवर 'डोळे लाल झालेत' म्हटलं की हे सहज हातात पडतं आणि लगेच आराम देतं, म्हणून लोक बाटलीवर बाटली आणतात. महिनोन्‌महिने घातलं तर डोळ्याचा दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, भिंग गढूळ होऊन मोतीबिंदू होऊ शकतो. स्क्रीनने डोळे घालवलेला पेशंट मी बघितलेला नाही. स्क्रीनच्या जळजळीवर घातलेल्या स्टेरॉइडने नजर गमावलेले बघितले आहेत. बाटलीवर डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, लोटेप्रेडनॉल यांपैकी एखादं नाव असेल आणि ती डॉक्टरांनी लिहून दिलेली नसेल, तर आणखी घालत बसू नका, या आठवड्यात डोळ्याचा दाब तपासून घ्या.

कोरडेपणाला स्क्रीनशिवाय इतर कारणंही असतात, तीही डोक्यात ठेवा: सर्दी-अॅलर्जीच्या सेटिरिझिनसारख्या गोळ्या, मुरुमांसाठीचं आयसोट्रेटिनॉइन, थायरॉइड, मधुमेह, संधिवात, लेसर करून चष्मा घालवलेला असणं, कॉन्टॅक्ट लेन्स. बायकांमध्ये पाळी जाण्याच्या सुमारास. डोळ्यांबरोबर तोंडालाही सतत कोरड पडत असेल तर ते आवर्जून सांगा, कारण मग रक्ततपासणी करावी लागते.

आता चष्म्याकडे येतो, कारण तुमच्या बाबतीत खरी गोम तिथे आहे असं मला वाटतं.

डोळ्यातलं भिंग जवळचं बघताना फुगतं. ते फुगवणाऱ्या स्नायूवर किती भार पडतो याचा हिशोब सोपा आहे: अंतर मीटरमध्ये घ्यायचं आणि एकाला त्याने भागायचं. मॉनिटर ६५ सेंटीमीटरवर असेल तर दीड डायॉप्टर (चष्म्याचा नंबर याच मापात असतो), मोबाइल ३० सेंटीमीटरवर तर सव्वातीनच्या थोडं वर, आणि रात्री अंथरुणात २० सेंटीमीटरवर धरलेला मोबाइल म्हणजे पाच डायॉप्टर. दहा वर्षांच्या मुलाकडे बारा-पंधरा डायॉप्टरची ताकद असते. चव्वेचाळिसाव्या वर्षी ती सरासरी पाचच्या आसपास उरते, आणि सतत वापरायची असेल तर त्यातली निम्मी राखून ठेवावी लागते. म्हणजे मॉनिटरपुरती ताकद तुमच्याकडे अजून आहे, मोबाइलला ती ताणून पुरते आणि अंथरुणातल्या मोबाइलला संपते. दिवसभराच्या स्क्रीननंतर रात्रीचा अर्धा तास मोबाइल जास्त का जाचतो, त्याचं हे एक कारण.

प्रोग्रेसिव्ह काचेत वरच्या भागात लांबचा नंबर, अगदी खाली जवळचा, आणि मध्ये दोन्हींना जोडणारी अरुंद वाट. कडेला दोन्ही बाजूंनी धूसरपणा असतो, तो भिंगाच्या रचनेतच आहे. कुठलीही कंपनी तो कमी करू शकते, घालवू शकत नाही. गाडी चालवायला, दुकानात फिरायला, मधूनच मोबाइल बघायला ही काच उत्तम. पण मॉनिटर असतो समोर, डोळ्यांच्या पातळीत. तिथे काचेचा वरचा, लांबचा भाग येतो. मधली वाट बाहुलीच्या खाली असते. मग नीट दिसावं म्हणून माणूस नकळत हनुवटी उचलतो आणि काचेच्या खालच्या भागातून बघतो. थोड्याच अंशांचा फरक, बाहेरून सहसा कुणाच्या लक्षातही येत नाही. पण कवटीच्या तळाशी असलेले छोटे स्नायू दिवसभर आवळून राहतात, आणि संध्याकाळी डोकं मागून दुखतं. तुम्ही नेमकं हेच लिहिलं आहे.

त्यात दुसरी भर पडली आहे मॉनिटरच्या जागेची. लॅपटॉप समोर आणि मोठा मॉनिटर उजवीकडे, म्हणजे दिवसातला बराच वेळ मान उजवीकडे वळलेली. साध्या चष्म्यात माणूस डोकं थोडं आणि डोळे थोडे वळवतो. प्रोग्रेसिव्हमध्ये डोळे बाजूला नेले की कडेचा धूसरपणा आडवा येतो, म्हणून सगळं वळणं मानेनेच करावं लागतं. हनुवटी वर आणि मान उजवीकडे अशा अवस्थेत सहा तास! फिजिओथेरपिस्टने काम चोख केलं असणार. तुम्ही परत त्याच खुर्चीत जाऊन बसलात.

मी काय करेन ते सांगतो. ज्या स्क्रीनवर जास्त काम होतं ती नाकासमोर आणा, कमी लागणारी बाजूला. दोन्ही सारख्याच लागत असतील तर दोन्हींचा सांधा नाकासमोर येऊ द्या. मग कॉम्प्युटरसाठी वेगळा चष्मा करा. त्याचे दोन प्रकार मिळतात. एक, संपूर्ण काचेत फक्त मॉनिटरच्या अंतराचा नंबर. स्वस्त आणि मोठी स्पष्ट जागा, पण तो घालून उठून चाललात तर लांबचं धूसर दिसणार. दुसरा, ज्याला चष्मेवाले ऑफिस लेन्स म्हणतात: वरच्या भागात मॉनिटरचं अंतर, खाली वाचनाचं, आणि लांबचं जवळजवळ नाहीच. डेस्कवर कागदही बघावे लागत असतील तर हा. तुमच्या वयात आणि बहुतेक वेळ स्क्रीनच बघायची असताना पहिला, साधा प्रकार पुरतो असं माझं मत आहे. दुकानात गेल्यावर महागडी प्रोग्रेसिव्ह अपग्रेड करायचा आग्रह होईल. महाग काचेची मधली वाट थोडी रुंद असते एवढंच, ती मॉनिटरच्या उंचीवर येत नाही. तपासायला जाण्याआधी घरी टेप घेऊन डोळ्यापासून स्क्रीनपर्यंतचं अंतर मोजा आणि तो आकडा लिहून न्या. ज्याने हा आकडा विचारला नाही त्याने दिलेला कॉम्प्युटरचा चष्मा हा अंदाजपंचे असतो.

मॉनिटरची वरची कड डोळ्यांच्या रेषेत असावी, हा सल्ला तुम्ही सगळीकडे वाचला असेल. साध्या चष्म्याला तो ठीक आहे. प्रोग्रेसिव्ह वापरणाऱ्याने स्क्रीन त्याहून चार-पाच बोटं खाली घ्यावी आणि वरची कड किंचित मागे कलती ठेवावी. डोळ्यांना तर खाली बघणंच सोयीचं: नजर खाली असली की पापण्यांमधली फट लहान होते, उघडा पृष्ठभाग कमी होतो, अश्रू कमी उडतात. मानेला मात्र फार खाली चालत नाही. लॅपटॉप टेबलावर सपाट ठेवला की डोळे खूश आणि मान नाराज, पुस्तकांच्या थप्पीवर चढवला की उलटं. लॅपटॉपची अडचण ही की स्क्रीन आणि कीबोर्ड एकमेकांना जोडलेले आहेत, एकाची जागा बरोबर केली की दुसऱ्याची बिघडते. त्यामुळे वेगळा कीबोर्ड आणि माउस यावरचा खर्च मी खुर्चीच्याही आधी धरेन. स्क्रीन अशा उंचीवर ठेवा की मान सरळ ठेवून नजर साधारण १५ ते २० अंश खाली जाईल. पाय जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत, टेकत नसतील तर खाली पाट चालतो. कोपर अंगाजवळ आणि टेबलाच्या उंचीला. अंथरुणात मांडीवर लॅपटॉप घेऊन काम करणाऱ्याला मी यातलं काहीच सांगू शकत नाही, फक्त उठून टेबलाशी बसा एवढंच.

मोबाइलवर मान वाकवल्याने मानेवर २७ किलोचा भार पडतो, हा आकडा सगळीकडे फिरतो. तो न्यूयॉर्कमधल्या एका मणक्याच्या सर्जनने २०१४ मध्ये मांडलेल्या गणिती मॉडेलमधला आहे. डोकं पाचेक किलोचं, ६० अंश वाकलं तर तेवढा भार, असा हिशोब. माणसांवर मोजलेला आकडा तो नाही, आणि वाकलेली मान सगळ्यांचीच दुखते असंही नाही. मला वाटतं, मानेला वाकण्यापेक्षा न हलणं जास्त जाचतं. उत्तम खुर्चीत आदर्श पोझमध्ये तीन तास पुतळ्यासारखा बसलेला माणूसही संध्याकाळी तक्रार करतोच. पाण्याची मोठी बाटली टेबलावर ठेवण्याऐवजी पेला ठेवा, तो भरायला उठावं लागतं. कॉल उभ्याने घ्या.

मोबाइलने मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला दुखत असेल तर थोडक्यात: अंगठ्याच्या स्नायुबंधांच्या आवरणाला सूज येते, तिला डी क्वेर्वेन म्हणतात. अंगठा मुठीत घेऊन मनगट करंगळीकडे हलकेच झुकवा. कळ आली तर टाइप करणं दोन्ही हातांवर वाटून घ्या किंवा बोलून लिहा, आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

दर २० मिनिटांनी २० फूट लांब २० सेकंद बघण्याचा नियम तुम्हाला माहीत असेलच. जेफ्री अँशेल नावाच्या कॅलिफोर्नियातल्या ऑप्टोमेट्रिस्टने तो लक्षात राहावा म्हणून असा बांधला. २० या आकड्यात जादू नाही, आणि २० सेकंद बहुधा कमीच पडतात. मी म्हणेन, अर्ध्या तासाने उठा आणि खिडकीपर्यंत जाऊन दोन मिनिटं समोरच्या इमारतीच्या गच्चीकडे बघा. डोळ्यांचा स्नायू, पापण्या आणि मान, तिघांचं एकदम होतं.

ब्लू कटबद्दल. दुकानात एक निळी लेसर पेन काचेवर मारून दाखवतात, साध्या काचेतून किरण पलीकडे जातो, ब्लू कटमधून अडतो. प्रयोग खरा आहे, निष्कर्ष चुकीचा. त्या पेनचा प्रकाश साधारण ४०५ नॅनोमीटरचा, म्हणजे जांभळा असतो. तुमच्या स्क्रीनचा निळा ४५० च्या आसपास असतो, आणि काचेवरचं ते कोटिंग तिथे थोडंसंच अडवतं. मुळात स्क्रीनचा निळा प्रकाश उघड्या आकाशाच्या तुलनेत इतका किरकोळ आहे की डोळ्याचं नुकसान व्हायचं असतं तर शेतकऱ्यांचं आधी झालं असतं. २०२३ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात अशा चष्म्यांच्या १७ चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या. साध्या काचेच्या तुलनेत डोळ्यांचा थकवा कमी होत असल्याचं त्यात दिसलं नाही. केलेला चष्मा टाकू नका, तो अपाय करत नाही. पुढच्या वेळी ते पैसे अँटिग्लेअर कोटिंगला द्या.

झोपेचा मुद्दा थोडा वेगळा. रात्रीचा तेजस्वी, निळसर प्रकाश झोप आणणाऱ्या मेलाटोनिनला मागे ढकलतो हे खरं. पण माझ्या पेशंटची झोप प्रकाशापेक्षा रात्री साडेअकराला आलेल्या ऑफिसच्या मेसेजने जास्त उडते. डार्क मोडही तसाच, आवडीचा विषय. उजेड असलेल्या खोलीत पांढऱ्यावर काळं वाचणं बहुतेकांना सोपं जातं. सिलिंड्रिकल नंबर असेल तर काळ्यावरची पांढरी अक्षरं फुटलेली दिसतात. स्क्रीनची चमक ठरवायची सोपी युक्ती म्हणजे शेजारी पांढरा कागद धरा. स्क्रीन दिव्यासारखी वाटली तर कमी करा, मळकट वाटली तर वाढवा. आणि अंधारात कुशीवर झोपून मोबाइल बघितल्यावर एका डोळ्याला क्षणभर काहीच दिसेनासं झालं तर घाबरू नका, पण आधी आठवा की दुसरा डोळा उशीत दाबलेला होता का. मोबाइल बघणारा डोळा उजेडाला सरावलेला असतो आणि झाकलेला अंधाराला. लंडनच्या डॉक्टरांनी २०१६ मध्ये अशा दोन स्त्रियांचं वर्णन केलं होतं, एकीच्या तर बऱ्याच तपासण्या झाल्या होत्या.

काही गोष्टी मात्र स्क्रीनच्या खात्यावर टाकून थांबायचं नाही. डोळ्यासमोर वीज चमकल्यासारखं होणं, अचानक खूप काळे ठिपके, एका बाजूने पडदा सरकत आल्यासारखं वाटणं, एका डोळ्याची नजर एकाएकी कमी होणं, दिव्याभोवती इंद्रधनुषी कडं आणि सोबत तीव्र दुखणं: त्याच दिवशी डॉक्टर. एकाएकी दोन-दोन दिसू लागलं तरी तेच. एक सोपी चाचणी घरी करा. पेन नाकाच्या रेषेत हळूहळू जवळ आणा. १० सेंटीमीटरच्या अलीकडे येण्याआधीच ते दोन दिसू लागलं, तर दोन्ही डोळे आत वळवणारी जोडी कमजोर आहे, आणि त्याला व्यायाम असतात. आणि घरात आई-वडील, भावंडं यांपैकी कुणाला काचबिंदू असेल तर चाळिशीनंतर दरवर्षी डोळ्याचा दाब आणि मागची नस तपासून घ्या. बहुतेक वेळा काचबिंदू जळजळत नाही, दुखतही नाही, म्हणून कोणी येत नाही.

मुलाबद्दल मी तुमच्यापेक्षा जास्त गंभीर आहे. मोठ्यांमध्ये स्क्रीन त्रास देते, वाढत्या डोळ्यात ती डोळ्याची लांबी वाढवायला हातभार लावते. त्यात एकट्या स्क्रीनचा दोष नाही, जवळून पुस्तक वाचणंही तिथेच जातं. पण पुस्तक तीस-पस्तीस सेंटीमीटरवर असतं आणि मोबाइल मुलं वीसवर धरतात. त्याहून मोठा घटक म्हणजे घराबाहेरचा उजेड. उजेड लक्समध्ये मोजतात: चांगल्या उजेडाच्या वर्गातही ३०० ते ५०० लक्स असतात, बाहेर झाडाच्या सावलीतसुद्धा काही हजार, उन्हात लाखाच्या घरात. या उजेडाने पडद्यात डोपामिन नावाचं रसायन स्रवतं आणि डोळ्याची वाढ आवरली जाते, असं आजचं शास्त्र मानतं. चीनमधल्या ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांना शाळेत रोज ४० मिनिटं जादा बाहेर ठेवलं, तेव्हा तीन वर्षांत नव्याने मायनस नंबर लागणाऱ्यांचं प्रमाण तिथे ३०.४ टक्के राहिलं, तर असं न केलेल्या शाळांत ते ३९.५ टक्के होतं. हा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. तैवानने २०१० पासून शाळांमध्ये रोज दोन तास बाहेर राहण्याचा कार्यक्रम चालवला आहे. आपल्याकडे सोसायटीच्या पार्किंगमध्ये क्रिकेट खेळायला बंदीची पाटी असते आणि संध्याकाळी सहा ते आठ क्लास. मुलाला क्लासला जाण्याआधी, ऊन असताना, तासभर बाहेर सोडा. बॅडमिंटन हॉलमधलं चालणार नाही, उघड्यावरच पाहिजे.

नंबर वर्षाला अर्ध्या डायॉप्टरपेक्षा जास्त वाढत असेल तर नुसता चष्मा बदलत राहू नका. कमी तीव्रतेचे अॅट्रोपिनचे थेंब आणि डोळ्याची वाढ मंदावणाऱ्या खास काचा, असे दोन मार्ग आहेत. हाँगकाँगच्या २०१९ च्या अभ्यासात ०.०१, ०.०२५ आणि ०.०५ टक्के अशा तीन तीव्रतांची तुलना झाली आणि ०.०५ चा परिणाम सगळ्यात जास्त दिसला. कुठली द्यायची, किती वर्षं, आणि थांबवायची कशी, हे डोळ्याची लांबी मोजून डॉक्टरने ठरवायचं, मेडिकलवाल्याने नव्हे. चष्म्यात खऱ्यापेक्षा कमी नंबर दिला की नंबर वाढायचा थांबतो, म्हणून मुद्दाम कमी नंबर द्यायचा, ही जुनी कल्पनाही सोडा. त्याने नंबर थांबत नाही, उलट वाढण्याचीच शक्यता जास्त.

आणि मुलाचा नंबर बाहुली मोठी करणारे थेंब घालूनच काढून घ्या. लहान मुलाचं भिंग इतकं लवचिक असतं की मशीनसमोर ते फुगतं आणि खऱ्यापेक्षा जास्त मायनस नंबर निघतो. थेंब घातल्यावर, त्यांच्या प्रकारानुसार, एक-दोन दिवस जवळचं धूसर दिसतं आणि उन्हात डोळे दिपतात. तेव्हा युनिट टेस्टच्या आदल्या दिवशी नको, शनिवारची वेळ घ्या, आणि टोपी बरोबर न्या.